पेत्रुश्काची धुरी

मी खुर्चीवर उभा राहून टॉवेल फिरवत होतो. छताला लावलेलं ते बशीएवढं पांढरं यंत्र धुराच्या वासानं पिसाळलं होतं आणि कानठळ्या बसतील असं बोंबलत होतं. त्याच्या बरोबर खाली माझ्या सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर जेमतेम आठवड्याची माझी मुलगी, समोर लोखंडी कढईत निखारे, आणि त्या चिमटीचिमटीनं त्यावर ओवा टाकत होत्या.

"जवाईबापू, ह्याचं बोंबलणं बंद होते का नाई?"

"मामी, धूर थांबला की ते थांबेल."

"धूर कसा थांबीन? लेकराले धुरी देऊन राह्यली ना मी."

खिडकी उघडायची सोय नव्हती. बाहेर पारा शून्याच्या खाली तीसवर गेला होता. हे गाव म्हणजे कॅनडातलं सडबरी. मी इथल्या निकेलच्या खाणीत इंजिनियर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असं कल्याणीचं लग्नापासून ठरलेलं होतं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरनं विमानप्रवासाला मनाई केली. मग माहेरच दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आलं. द्वारकाबाई कडू, मुक्काम दर्यापूरजवळचं एक खेडं, जिल्हा अमरावती. मी त्यांना मामी म्हणायचो. त्यांनी डिंक आणला, अळीव आणले, बाळंतशेपा आणल्या, वावडिंग आणलं, आणि ओवा नेमका विसरल्या. दोन दिवस स्वतःला कोसत होत्या. तिसऱ्या दिवशी आमच्याच फळीवर त्यांना ओव्याची बरणी सापडली आणि घरात आनंदीआनंद झाला.

"इकडचा ओवा निरा नरम हाये व," त्या कल्याणीला सांगायच्या. "वासच नाई त्याले म्हणावा तसा. पण पोरीच्या पोटाले मानवला."

पोरीला खरंच मानवला होता. धुरी घेऊन ती अशी झोपायची की मी तासन्‌तास तिच्याकडे बघत बसायचो. त्या दिवसांत मी सगळ्याकडेच असा आ वासून बघत होतो म्हणा. एवढासा जीव, बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि हा जीव गुलाबी पडून जांभई देतो, याचं मला काही केल्या नवल सरत नव्हतं. कल्याणी म्हणायची, तुम्ही बाप झालात की जत्रेत आलात?

मार्च अर्धा उलटला. छपराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळे दुपारी ठिबकायला लागले. तो टपटप आवाज ऐकला आणि मला बरणीची आठवण झाली. शेजारच्या ओरिस्या आजींची बरणी.

ओरिस्या ऐंशीच्या घरातली युक्रेनी बाई. नवरा खाणीतच काम करून निवृत्त झाला आणि पुढे गेला; आजी एकट्या राहायच्या. जानेवारीच्या सुरुवातीला त्या स्वतःच्या पायरीवरच घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवर निजवल्यावर बाईनं घराला कुलूप लाव म्हटलं नाही की मुलाला कळव म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "स्वयंपाकघरात जा. खिडकीजवळ काचेची छोटी बरणी आहे. ती घे आणि तुझ्याकडे ठेव." मी आणून दाखवली तेव्हा म्हणाल्या, "पेत्रुश्का. जमीन उघडी पडली की लगेच पेरायची. मी आले तर मी पेरेन, नाही आले तर तू."

पेत्रुश्का म्हणजे पार्सली. आपल्या कोथिंबिरीची इकडची चुलत बहीण, पान तसंच, वास निराळा. ही जात आजींच्या आईच्या हातची. तिचं मूळही गाजरासारखं फुगतं आणि त्याचं त्या सूप करतात. बी मात्र वर्ष-दोन वर्षांत निकामी होतं, त्यामुळे डब्यात घालून निवांत बसता येत नाही. धरत राहावं लागतं. लग्न होऊन या गावी आल्यापासून आजी ते धरत आल्या होत्या. मी बरणी आणून फळीवर ठेवली. आमच्या घरात कुठल्याच बरणीवर नाव नसतं. ओळखणाऱ्याला ओळखू येतं, हा आमचा कारभार. पुढे कल्याणीला कळा सुरू झाल्या आणि जग त्या एका खोलीएवढं झालं.

आता फळीवर बरणी होती, पण तिच्यात मेथ्या होत्या.

"मामी, हिच्यात काय होतं आधी?"

"ओवा होता. सरला ना मागच्या हप्त्यात. मंग धुवून घेतली बरणी."

"सगळा सरला?"

"धुरीले गेला. थोडा भाजून कल्याणीले दिला जेवणावर. काऊन? तुमाले पाह्यजे होता का?"

माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना काहीतरी कळलं असावं. कल्याणी पोरीला खांद्यावर घेऊन आत आली. मी दोघींना सांगितलं. पार्सलीचं बी आणि ओवा शेजारी ठेवले तर मीसुद्धा छातीठोकपणे सांगू शकलो नसतो कोणतं कोणतं ते. तसंच बारीक, तसंच करडं, पाठीवर तशाच रेघा.

"बिजवाई होती ते?" मामींनी विचारलं.

"हो. पेरायचं बी."

"अन् दुसऱ्याची?"

मी मान डोलावली. मामी होत्या तिथंच खाली बसल्या. "दुष्काळात आमी पाणी पिऊन झोपलो," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "पण बिजवाईच्या मडक्याले हात नाई लावला कोणी. माह्या सासूनं लावू नाई देला. अन् इथं येऊन मी लोकाची बिजवाई चुलीत घातली."

"आई, पार्सली आहे ती," कल्याणी म्हणाली. "दुकानात पुड्या मिळतात बियांच्या. तेवढंच बी आणून त्याच बरणीत भरून ठेवू. आजींना काय कळणार आहे?"

मामींनी वर पाहिलं. लेकीकडे नाही, तिच्या खांद्यावरच्या नातीकडे. "दवाखान्यात तुले दुसरं लेकरू आणून देलं असतं, असंच गोरं, एवढ्याच वजनाचं, तं चाललं असतं का तुले?"

कल्याणीनं पोरीला नकळत घट्ट धरलं. दुकानाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

"मंग तिच्या माहेराहून मागवू," मामी थोड्या वेळानं म्हणाल्या. "भाऊबंद असतीनच ना कोणी. कुणाच्या तरी वावरात असंनच."

"त्यांचं गाव धरणात गेलंय, मामी. लग्न होऊन इकडे आल्या, त्यानंतर पाच-सात वर्षांत. गावावर पाणी आहे आता."

धरण म्हणजे काय ते मामींना सांगायची गरज नव्हती. मोर्शीकडे त्यांच्या नात्यातली दोन घरं अशीच पाण्याखाली गेली होती. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग उठल्या, कढईतली राख केराच्या डब्यात टाकायला गेल्या आणि हात मागे घेतला. ती राख त्यांनी तुळशीच्या कुंडीत नेऊन टाकली.

दुसऱ्याच दिवशी त्या माझ्याबरोबर इस्पितळात आल्या. नऊवारी लुगड्यावर माझा खाणीतला जाड कोट, पायात कल्याणीचे बूट, हातात अळिवाच्या लाडवांचा डबा. गाडीत मला म्हणाल्या, "बोलीन मी. तुमी फक्त तिच्या बोलीत करा. कमी-जास्त करू नका माह्यासाठी."

ओरिस्या आजी खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, त्यामुळे माणूस जवळ आल्याशिवाय त्यांना कळत नसे. मामी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मी इंग्रजीत करत गेलो. ओवा काय, धुरी काय, हे समजावताना माझी तारांबळ उडाली.

"जाळलं?" आजींनी विचारलं.

"हो."

"बाळाला धूर द्यायला?"

"हो. आमच्याकडे तसं करतात."

"बाळाला काही झालं नाही ना?"

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा मामींना रडू कोसळलं. आपल्या हातून कोणाचं तरी सगळं गेलंय आणि तो माणूस आधी आपल्या लेकराची चौकशी करतोय, हे त्यांना सोसलं नाही. आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, पण मांडीवरची बोटं रुमाल चुरत होती.

"वाफ्यात चार-पाच झाडं ठेवली होती," त्या म्हणाल्या. "कुंपणाच्या कोपऱ्यात. पेत्रुश्काचं असं असतं, पहिल्या वर्षी नुसती पानं. मग तिला थंडी लागते. थंडी लागली तरच ती दुसऱ्या उन्हाळ्यात फुलते, बी देते. नाहीतर नाही. म्हणून मी चार दरसाल जमिनीतच ठेवते. पण या वर्षी बर्फ आधी पडून वितळला आणि नंतर महिनाभर नुसती कोरडी थंडी. उघड्या जमिनीवर. माझा लसूणसुद्धा मेला असेल. ती झाडं गेली, हे मी डिसेंबरातच ओळखलं होतं. म्हणून तर बरणी तुला दिली."

मामींनी डोळे पुसले. "थंडीनं मरते म्हणतात अन् थंडीबिगर बी धरत नाई म्हणतात. मंग थंडी तिची माय हाये का सावत्र माय?"

मी हे जसंच्या तसं सांगितलं. आजी पहिल्यांदा मामींकडे वळल्या. "तिला सांग, पांघरूण असलं तर माय." मग एकदम थांबल्या आणि मला म्हणाल्या, "या वर्षी तू वाटेवरचा बर्फ कुठं टाकत होतास?"

"कुंपणाशी," मी म्हणालो. "तुमच्या बाजूला. तिथं वाफा आहे हे मला माहीत नव्हतं, आजी. वर नुसता पालापाचोळा दिसत होता."

"कधीपासून?"

"पहिल्या बर्फापासून. नोव्हेंबरापासूनच. तुमच्या वाटेवरचा आणि आमच्या, दोन्हीकडचा तिथंच ढकलत होतो."

"आणि तो ढीग मध्ये वितळला नाही?"

"वितळला कुठला? माझ्या डोक्याच्या वर गेलाय आता."

आजी खुर्चीत पुढे सरकल्या. त्या मोडक्या खुब्यासकट उठून उभ्या राहतात की काय असं मला वाटलं. "जाऊन बघा," त्या म्हणाल्या. "बाजूनं शिरा. वरून उघडू नका, थंडी अजून संपलेली नाही. वारा लागला तर जे असेल तेही मरेल. बघा आणि लगेच झाका."

रविवारी दुपारी मी फावडं घेऊन त्या ढिगाला भिडलो. बाहेरून तो दगडासारखा झाला होता. बाजूनं आत शिरायचं म्हणजे आडवा बोगदा मारायचा, आणि जन्मात मला काही येत असेल तर तेवढंच येतं. एक माणूस पोटावर सरपटत जाईल एवढं तोंड ठेवलं, वरचा बर्फ कोसळू नये म्हणून माथ्याला कमान दिली, आणि डोक्यावर खाणीतली टोपी चढवून दिवा लावला. मामी कोटात हात खुपसून उभ्या होत्या. कल्याणी पोरीला घेऊन खिडकीत.

हातभर आत गेल्यावर बर्फ मऊ झाला. आणखी आत साखरेसारखा भुसभुशीत. मग अचानक फावडं पोकळीत गेलं. जमीन आणि बर्फ यांच्यामध्ये वीतभर जागा सुटली होती. मी दिवा मालवून पाहिला, कारण मला भास झाला की आत उजेड आहे. उजेड होताच. बर्फातून गाळून आलेला, निळा, कुठल्याच बाजूनं न येणारा उजेड. मी जमिनीवर हात ठेवला. बाहेर कुदळीला दाद देत नव्हती ती जमीन इथं ओली आणि मऊ होती. बोट रुतलं. रोज मी दीड किलोमीटर खाली जातो, तिथला खडक हाताला चटका देतो, पृथ्वी आतून तापलेली आहे हे मला कोणी शिकवायला नको. पण तिची ऊब इतक्या वर, माझ्या दारात, मी फेकलेल्या बर्फाखाली अशी साठून राहिलेली असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पाचोळा बाजूला केला. पहिलं झाड काळं, चिखल झालेलं. दुसरंही तसंच. तिसऱ्याचं नुसतं भोक उरलं होतं, उंदरानं मूळ खाल्लं असावं. मी आणखी थोडा सरपटलो आणि शेवटचं पान उचललं.

हिरवं. दाराबाहेरच्या जमिनीवर मी तो रंग नोव्हेंबरानंतर पाहिलाच नव्हता. मधोमध गच्च जुडी, कोवळी पानं मुठीसारखी मिटलेली, एका पानावर पाण्याचा थेंब. ते झाड तगून राहिलेलं नव्हतं, ते वाढत होतं. वर चार महिने मी शिव्या देत जो बर्फ लोटला, जो मला या मुलखाचा शाप वाटायचा, त्याच्या तळाशी ते आपलं निवांत पान काढत बसलं होतं. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. खिशातून फोन काढून मी एक फोटो घेतला आणि उलटा सरपटत बाहेर आलो.

"मामी," एवढंच म्हणालो आणि टोपी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पदरावरून टोपी चढवली, लुगड्याचा ओचा खोचला आणि साठी उलटलेली ती बाई पोटावर बर्फात शिरली. बाहेर फक्त कल्याणीचे बूट दिसत होते. आतून काही आवाज येईना. मी वाकून हाक मारणार तेवढ्यात त्यांचं बोलणं ऐकू आलं, पण ते माझ्याशी नव्हतं. त्या अगदी हळू आवाजात, आमच्या पोरीशी बोलायच्या त्याच सुरात काहीतरी पुटपुटत होत्या.

बाहेर आल्या तेव्हा तोंड लाल झालं होतं आणि उजव्या हाताची मूठ मिटलेली होती.

"पान तोडलंत का?" मी विचारलं.

"नाई व बाप्पा. हात लावला फक्त. माफी मागितली." मग ढिगाच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "झाका लवकर. बाळंतिणीच्या खोलीत असं घडीघडी डोकावू नये माणसानं."

मी बोगदा बुजवला. त्या झाडाचं पुढं सगळं यथासांग झालं. मे महिन्यात ढीग उतरला, जूनमध्ये झाड कमरेएवढं वाढलं, त्यावर फिकट पिवळी छत्र्यांसारखी फुलं आली, आणि ऑगस्टात बी तयार झालं. आज इतकी वर्षं झाली, आमच्या वाफ्यात ते बी दरसाल पडतं. पण मला सांगायचंय ते त्याच रविवारच्या दुपारचं.

मामींनी घरात पाऊलसुद्धा ठेवलं नाही. चहा नको, पाणी नको. "चला दवाखान्यात," म्हणाल्या. हातमोजा घालायला तयार नाहीत. मी गाडी चालवत होतो आणि त्या शेजारी मूठ मिटून बसल्या होत्या. मला वाटलं थंडीनं बोटं आखडली असतील. मी गाडीतली गरम हवा वाढवली तर त्यांनी हात पदराखाली घेतला.

ओरिस्या आजी पलंगावर उशीला टेकून होत्या. पावलं ऐकूनच त्यांनी मान उचलली. मी घाईघाईनं फोन पुढे केला. "आजी, आहे. एक आहे. जिवंत आहे. हे बघा."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "काळं आहे सगळं," त्या म्हणाल्या. "मला यात काही दिसत नाही, बाळा." आणि फोन माझ्याकडे परत दिला. त्यांचा आवाज इतका बेताचा होता की मला कळलं, मी समजूत घालतोय असंच त्यांना वाटत होतं. शंभर वेळा सांगितलं असतं तरी तसंच वाटलं असतं.

तेव्हा मामींनी मला कोपरानं बाजूला सारलं. पलंगाच्या कडेला बसल्या, आणि मूठ उघडून हाताची बोटं आजींच्या नाकापुढे धरली.

आजींना आधी कळलं नाही. मग त्यांनी श्वास घेतला. आणखी एकदा घेतला. दोन्ही हातांनी त्यांनी मामींचा तो मातकट हात धरला, तोंडावर दाबला आणि डोळे मिटले. मीही आता वास ओळखला, हिरवा, ताजा, त्या खोलीतल्या औषधांच्या वासातूनही येणारा. "पेत्रुश्का," आजी म्हणाल्या, आणि मग कोणती भाषा ते मला कळेना, पण त्या बोलतच राहिल्या, मामींच्या तळहातात तोंड लपवून, भराभर. मामी दुसऱ्या हातानं त्यांच्या पाठीवर थोपटत होत्या आणि "हो माय, हो," म्हणत होत्या.

मी पुढे झालो. "मामी, तुमच्याकडून काही सांगू का त्यांना?"

"नाई," मामी मागे वळूनही न बघता म्हणाल्या. "आता मधात नका पडू तुमी."